देव पाण्यात होते ते दिवस

ह्यांच्या पायात बूट जाईना, त्या सकाळी मी ह्यांच्यावर ओरडले होते. कंपनीची बस पावणेसातला पाथर्डी फाट्यावर येते. साडेसहा वाजून गेले होते आणि हे पलंगाच्या कडेला बसून उजव्या बुटाकडे बघत होते. पाय बधिर झालेत म्हणाले. मी म्हटलं, नाशकात जानेवारीत सगळ्यांचेच पाय बधिर होतात, म्हणून कोणी घरी बसत नाही. शेवटी मीच खाली बसून बूट चढवले, नाड्या बांधल्या, डबा हातात दिला. डबा हातातून निसटला. त्यावरही मी बोलले. लग्नाला सतरा वर्षं झालेल्या बायका सकाळच्या घाईत नवऱ्याला बोलतात तेवढंच, त्याहून जास्त काही नाही. पण ते शब्द पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यात अडकून राहिले.

हे अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर आहेत. त्या दिवशी पाळी पुरी करून आले आणि जिना कठडा धरून धरून चढले. दुसऱ्या दिवशी दुपारी उभं राहता येईना. संध्याकाळी शेजाऱ्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवलं. हॉस्पिटलात गेलो तेव्हा हात हलत होते. तिसऱ्या दिवशी हातही गेले. चौथ्या दिवशी सकाळी बोलताना एकेका शब्दाला दम लागायला लागला आणि दुपारपर्यंत तोंडात नळी घालून ह्यांना श्वासाच्या मशीनवर ठेवलं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. शरीरातली रोगाशी लढणारी फौज कधी कधी चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते. पायांपासून सुरुवात होते, मग वर वर. छातीपर्यंत आलं की श्वास थांबतो. सलाईनमधून पाच दिवस द्यायचं औषध त्यांनी दिलं. पाच दिवस संपल्यावर मी विचारलं, आता पुढे काय. ते म्हणाले, आता काही नाही, नसा आपल्या आपण सावरेपर्यंत वाट बघायची. किती दिवस, तर आठवडे, कदाचित महिने. बरे होतील ना, तर बहुतेक लोक होतात. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे नाही, फाइलकडे बघितलं. तो ‘बहुतेक’ मी घरी घेऊन आले. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती. पेशंट शुद्धीवर आहे, त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त हलता येत नाही. ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मी सातपूरच्या एका शाळेत शिक्षिका आहे. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे मी अठरा वर्षं दिवसातून दहा वेळा म्हणत आले. पण मला स्वतःला गप्प बसायला सांगितलं तर पाच मिनिटं जमत नाही. गॅस सिलिंडरला उशीर झाला तर मी एजन्सीत जाऊन उभी राहते. मुलीच्या शाळेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे माझा आवाज आधी. कोणाच्या तरी मागे लागलं की काम होतं, हे माझ्या आयुष्याचं गणित. इथे मागे कोणाच्या लागायचं? डॉक्टरांच्या लागले. ते रोज तेच सांगायचे आणि मी रोज नव्याने विचारायचे. शेवटी ते मला बघून दुसऱ्या दाराने जायला लागले.

घरी आम्ही चौघं. हे, मी, आमची अकरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मुलीला मी नाशिकरोडला भावाकडे ठेवलं होतं. ती रोज संध्याकाळी फोनवर एवढंच विचारायची, पप्पा बोलले का. सासूबाई येवल्याजवळच्या खेड्यातल्या, सासरे गेल्यावर आमच्याकडे आल्या. बुटक्या, काटक, आणि बोलणं मोजकं. ह्यांना मशीनवर ठेवल्याचं मी त्यांना सांगितलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “बरं.” नुसतं बरं. थोड्या वेळाने म्हणाल्या, त्याला ठाऊक हाय. त्याला म्हणजे देवाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकुलता एक मुलगा मरणाच्या दारात आणि सासूबाईंना बरं सुचतंय.

त्यांचा दिवस होता तसाच चालू राहिला, हे तर मला बघवेना. सकाळी आंघोळ, मग देवपूजा. आमच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती आणि खंडोबाचा अन् देवीचा असे चांदीचे दोन टाक. एकेक देव तांब्याच्या ताम्हनात घ्यायचा, आंघोळ घालायची, मऊ फडक्याने कोरडा करायचा, गंध, फूल, दूधसाखरेचा नैवेद्य. पाऊण तास. कुठे घाई नाही की गाऱ्हाणं नाही. नवस बोलल्या का म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, कशाला, त्याला दिसतंय की. मग भाकरी-भाजीचा डबा करून बसने हॉस्पिटलात यायच्या आणि अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या, दिवस दिवस.

आत एका वेळी एकालाच सोडायचे. सकाळी अकराला दहा मिनिटं आणि संध्याकाळी पाचला दहा मिनिटं. त्या दोन्ही वेळांना मी जायचे. चपला काढायच्या, हिरवा गाऊन घालायचा आणि पळत पळत सहा नंबरच्या कॉटशी. काय करत होते मी तिथे? बोलत होते. एकसारखी बोलत होते. अहो, डोळे उघडा. बोट हलवा ना, एकच बोट. प्रयत्न करा. तुम्ही मनावर घ्या. आज हललं पाहिजे हं. पोरगी विचारते रोज, तिला काय सांगू? ह्यांना डोळ्यांची तेवढी उघडझाप करता यायची. हो असेल तर एकदा मिटायचे, नाही असेल तर दोनदा, असं सिस्टरनी ठरवून दिलं होतं. पण मी काही विचारलं तर ना. मी नुसती मागत होते. दहा मिनिटं संपली की सिस्टर हाताला धरून बाहेर काढायच्या.

बाहेर सल्ल्यांचा पाऊस. नाशकात देवांना काय तोटा. एकाने त्र्यंबकला जाऊन ग्रहशांती करायला सांगितली, एकीने सप्तशृंगीला पायी यायचं बोला म्हणून सांगितलं, शाळेतल्या एका बाईंनी गुरुवार सांगितले, ह्यांच्या मित्राने पेठच्या बाजूच्या एका भगताकडून भारलेला दोरा आणला. मी कशालाच नाही म्हटलं नाही. खरं तर मी फारशी देवाधर्माची नाही. संकष्टीचा उपास साबुदाण्याच्या लोभाने करणाऱ्यांतली. पण त्या दिवसांत मी गोदाघाटावरच्या एकेका देवळात जाऊन कपाळ आपटून आले. पुजाऱ्याने पुढच्या माणसाला जास्त वेळ दिला तर त्याच्यावरही खेकसले. रांगेतल्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. फरक काहीच पडत नव्हता. छाती वर-खाली करत होतं ते मशीन.

अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, आता गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी घालावी लागेल. मी सही केली. घरी आले, आंघोळ केली आणि देव्हाऱ्यासमोर उभी राहिले. सासूबाई न्हाणीघरात होत्या. आपल्याकडे निवडणुकीचा निकाल असो की क्रिकेटची मॅच, लोक देव पाण्यात घालून बसल्याचं हसत हसत म्हणतात. माझ्या माहेरी काकूंनी मात्र खरंच घातले होते, काकांचा पत्ता लागत नव्हता तेव्हा. आठ दिवस देव पाण्यात आणि नवव्या दिवशी काका दारात. ते मला आठवलं. मी स्वयंपाकघरातून स्टीलचं पातेलं आणलं, काठोकाठ पाणी भरलं आणि एकेक देव उचलून आत टाकला. टाकला हाच शब्द खरा. बाळकृष्ण तळाला जाऊन आडवा पडला, त्याचा आवाज झाला. मी झाकण ठेवलं आणि म्हटलं, हे स्वतःचा श्वास स्वतः घेईपर्यंत तुम्हीही पाण्याखाली राहा. बघा कसं वाटतं.

हे मी मोठ्याने म्हटलं होतं. मागे वळले तर सासूबाई ओले केस पंच्यात गुंडाळून दारात उभ्या.

मला वाटलं, आता बोलतील. बोलाव्यात असंही वाटत होतं, भांडायला कोणीतरी हवंच होतं. त्यांनी रिकाम्या देव्हाऱ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं. मला विचारलं, “किती दिस?” मी म्हटलं, हे बरे होईपर्यंत. त्यांनी मान हलवली. मग नेहमीसारख्या पाटावर बसल्या. पण करायला काही नव्हतंच. ताम्हन कोरडं होतं. त्यांनी रिकाम्या देव्हाऱ्यापुढे निरांजन लावलं, हात जोडले आणि पाऊण तास तशाच बसून राहिल्या.

मग हे रोजच झालं. मी त्यांची पूजा काढून घेतली होती. दिवसभरातलं त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच काम होतं, ते मी त्यांना न विचारता बुडवलं, हे कळण्याएवढीही अक्कल मला तेव्हा नव्हती. त्या कधी पातेल्याला हात लावायच्या नाहीत. त्यातलं पाणी कमी झालं की मीच भरायचे. चांदी काळी पडायला लागली होती. मी झाकण लगेच परत ठेवायचे.

एक दिवस मात्र माझा तोल गेला. गळ्याला नळी घातल्यावर ह्यांना ताप भरला होता आणि सासूबाई बाकावर बसून शांतपणे मटारच्या शेंगा सोलत होत्या. मी त्यांच्या अंगावर धावून गेल्यासारखी बोलले. तुमच्या पोटचा गोळा आहे तो, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? दगड आहात का तुम्ही? बाकावरचे दोन-तीन लोक उठून गेले. त्यांनी शेंगा पिशवीत भरल्या आणि खाली बघत म्हणाल्या, डबा खाऊन घे, निवंल. मी डबा खाल्ला नाही. रडले मात्र पोटभर, त्यांच्याकडे पाठ करून.

दोन दिवसांनी तो ताप उतरला. मग एकदा मला ह्यांच्या रजेच्या कागदांवर सह्या आणायला अंबडला कारखान्यात जावं लागलं. साहेब मीटिंगमध्ये होते, मी बसून राहिले, आणि निघाले तेव्हाच पाच वाजायला आले होते. त्रिमूर्ती चौकात रिक्षा गर्दीत अडकली. पाचची वेळ हुकणार म्हणून मी रिक्षावाल्याचं डोकं खाल्लं. हॉस्पिटलचा जिना धावत चढले तर बाक रिकामा. सासूबाईंची पिशवी आणि चपला तेवढ्या तिथे.

दाराला वरच्या बाजूला काच आहे. मी टाचा उंचावून आत बघितलं. हिरवा गाऊन त्यांच्या घोट्यांच्याही खाली लोळत होता. त्या कॉटच्या शेजारी उभ्या होत्या आणि ओल्या कापसाने ह्यांचा हात पुसत होत्या. एकेक बोट, बोटांच्या मधल्या जागा, मग तळवा. सकाळी देवांना पुसायच्या तशा. कुठे घाई नाही. मध्येच वाकून कानाशी काहीतरी बोलल्या. मग कपाळावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. मी बघत होते आणि एकदम माझ्या लक्षात आलं, की ह्यांना इथे आणून एकवीस दिवस झाले आणि आई आज पहिल्यांदा आत गेली. दिवसाला दोन वेळा होत्या. दोन्ही मी घेत होते. त्यातली एक मला दे, असं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या आणि एक तुम्ही घ्या, असं मीही म्हटलं नव्हतं.

सिस्टर बाहेर आल्या. पन्नाशीच्या, कडक, एरवी माझ्याशी कामापुरतं बोलणाऱ्या. म्हणाल्या, “मॅडम, राग मानू नका. तुम्ही आत आलात की पेशंटचे ठोके वाढतात. मशीन वाजायला लागतं. तुम्ही जाऊन अर्धा तास झाला तरी खाली येत नाहीत. त्या माउली आल्यापासून बघा, कसा शांत पडलाय.”

मी विचारलं, त्या काय बोलतायत ह्यांच्याशी. सिस्टर म्हणाल्या, काही नाही हो. मी हाय इथं, घाई नाय, एवढंच.

मला तिथे उभं राहवेना. मी खाली पार्किंगमध्ये जाऊन एका स्कूटरवर बसले, कोणाची होती देव जाणे. हलता न येणाऱ्या माणसाला मी दिवसातून दोनदा जाऊन हल म्हणत होते. त्याला सगळं कळत होतं. त्याला हलायचं होतं. आणि मी रोज त्याला हे ऐकवून येत होते, की तू प्रयत्न करत नाहीस म्हणून आम्ही असे बसलोय. बुटाच्या दिवशी केलं तेच मी एकवीस दिवस करत होते. लाज वाटली मला. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर मी सासूबाईंना विचारलं, मी देव पाण्यात घातले तेव्हा मला अडवलं का नाहीत. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

“म्याबी घातले व्हते एकदा,” त्या म्हणाल्या. “ह्याच्या आधीची पोरगी व्हती मला. दोन वरसाची. जुलाब लागले. गावात डाक्टर नाय, येवल्याला जायाचं तर यष्टी सकाळशिवाय नाय. म्या देव पाण्यात घातले अन् तिला मांडीवर घेऊन बसले. म्हनलं, हिला उठवल्याबिगर काढत नसते.”

पुढचं त्यांनी सांगितलं नाही तरी चाललं असतं. पण त्यांनी सांगितलं. मुलगी सकाळच्या आतच गेली. मग सुतक आलं, सुतकात देवांना हात लावायचा नसतो. देव तसेच पाण्यात. सगळं आटोपल्यावर त्यांनीच ते बाहेर काढले, हिरवे-काळे पडलेले. चिंचेने घासले, जागेवर ठेवले आणि वर्षभर त्यांच्याकडे बघितलं नाही. पुढे कसं बघायला लागलात, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, “वरीसभर कोनाशी बोलले नाय बाई, तवा कळलं, रडायला बी त्यो लागतोच.”

मग मला म्हणाल्या, म्या काढले असते अन् त्याचं काय वाईट झालं असतं, तर जलमभर तुझ्या मनात राह्यलं असतं की म्हातारीमुळं झालं. तुझं तूच काढशील तवा काढशील.

मी उठले. पातेल्याचं झाकण काढलं. पाण्यावर तवंग धरला होता. मी एकेक देव बाहेर काढला, सासूबाईंनी चिंच कोळून दिली आणि आम्ही दोघींनी ते मोरीत बसून घासले. अन्नपूर्णेच्या पळीत हिरवं साचलं होतं, ते काडीने काढावं लागलं. मागणी पुरी झाली नव्हती. काकूंच्या दृष्टीने मी सगळ्यात मोठी चूक करत होते. मला त्या वेळी मोकळं वगैरे काही वाटलं नाही. भीती वाटत होती. माझ्या हातातली एकच दोरी मी सोडून देतेय, असं वाटत होतं.

आता इथे काही चमत्कार झाला असं वाचणाऱ्याला वाटेल. झालं ते असं, की दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला डॉक्टरांनी मलाच केबिनमध्ये बोलावलं. फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला होता. आधीच्या तापासारखा हा नव्हता. मशीनवर फार दिवस असलेल्यांना होतो तो. औषधं बदललीत, म्हणाले, पण पुढचे दोन दिवस काही सांगता येत नाही, नातेवाइकांना कळवून ठेवा. मला आत सोडलं नाही.

मी रिक्षा करून घरी आले. भावाला फोन करायचा होता, मुलीला आणायला सांगायचं होतं, ते सगळं सोडून मी सरळ स्वयंपाकघरात गेले, पातेलं काढलं आणि नळाखाली धरलं. कालच काढले होते. काल काढले आणि आज हे. दुसरं काय कारण असणार? घासून लखलखीत झालेले पाच देव समोर बसले होते, कपाळाला ताजं गंध, आणि मला त्यांचा विलक्षण संताप आला होता. भरलेलं पातेलं घेऊन मी देव्हाऱ्याशी आले.

सासूबाई पाटावरच होत्या. मी त्यांना डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येताना मी पहिल्यांदाच बघितलं, ते त्यांनी पुसलं नाही. माझ्या हातातल्या पातेल्याकडे बघून त्या म्हणाल्या, “घालायचे तर घाल. पन हे पान्यात बसले, तर माझ्या लेकापाशी कोन बसंल? आपल्याला तर आत सोडत नाय.”

मी तशीच उभी राहिले. पातेलं जड होत होतं. मग मी ते ओट्यावर नेऊन ठेवलं आणि येऊन त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. आम्ही काही म्हटलं नाही. मला एकही स्तोत्र आठवेना. आधी डोक्यात सारखं चाललं होतं, वाचव, वाचव, वाचव. मग तेही थकलं. मग नुसतंच बसणं उरलं. सासूबाईंचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि त्या रडत होत्या, इतक्या हळू की शेजारी बसलं तरच कळावं. ही बाई पहिल्या दिवसापासून अशीच रडत होती आणि मी शेजारी बसले नव्हते.

संध्याकाळी पाचला सिस्टरनी एकाला सोडते म्हणून सांगितलं. मी सासूबाईंना म्हटलं, आई, तुम्ही जा. त्या म्हणाल्या, अर्धा अर्धा येळ मागू. सिस्टरनी नियम मोडून दोघींना सोडलं. नियम का मोडला असेल ते मला कळत होतं. ह्यांचा चेहरा तापाने लाल झाला होता. डोळे उघडे होते आणि माझ्यावरच होते. मी स्टूल ओढलं आणि बसले. काहीही बोलले नाही. काही मागितलं नाही. ह्यांचा हात हातात घेतला, तो भट्टीसारखा तापला होता. ओठ चावून चावून तोंडात रक्ताची चव आली, पण मी बोलले नाही. मशीन वाजलं नाही. दहा मिनिटं संपली, सिस्टर आल्या नाहीत. आणखी दहा गेली. मग आम्ही आपणहून उठलो.

तो ताप उतरायला नऊ दिवस लागले. मशीन सुटायला त्यानंतर पाच आठवडे. ते का सुटलं, केव्हा सुटायचं ठरलं होतं, देवांनी काय केलं आणि औषधांनी काय, ह्याचा निकाल मी लावत बसत नाही. सासूबाईंना विचारायची सोय नाही, त्या बरं म्हणतील. हे आज काठी घेऊन चालतात, बूट अजून मीच घालते.

गळ्यातली नळी निघाली आणि आवाज आला तो एकदम घोगरा, दुसऱ्याच कोणाचा वाटावा असा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नीट दोन वाक्यं बोलायला लागल्यावर मी धीर करून विचारलं, तिथलं काय काय आठवतं. माझ्या ओरडण्याबद्दल माफी मागायची होती, ती कुठून सुरू करावी कळत नव्हतं.

हे म्हणाले, “तू बोलली नाहीस तो दिवस आठवतो. तू येऊन गप्प बसलीस. आधी मला वाटलं, संपलं. डॉक्टरांनी हिला सांगितलं असणार, म्हणून ही गप्प झाली.”

मी विचारलं, मग?

“मग तू बसूनच राहिलीस. कितीतरी वेळ. तेव्हा वाटलं, नाही, मी मरत असतो तर ही अशी शांत बसलीच नसती. हिने हॉस्पिटल डोक्यावर घेतलं असतं. म्हणजे मी जगणार आहे, हे हिला कुठून तरी कळलंय. मग मला झोप लागली.”

मला काहीच कळलं नव्हतं. त्या वीस मिनिटांत मी आतून पार मोडून बसले होते, हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.